दिवसा १३२, रात्री १४१ : झोपेतला रक्तदाब आणि हृदय-धमन्यांवरचा भार

घाटमाथा

नमस्कार. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला ४ वर्षे झाली. रक्तदाबाची गोळी मात्र त्याच्याही आधीपासून, गेली ९ वर्षे चालू आहे. सकाळी चहानंतर गोळी घ्यायची आणि आठवड्यातून दोनदा घरच्या यंत्रावर दाब मोजून वहीत लिहायचा, हा नेम मी कधी मोडला नाही. वहीत वरचा आकडा १२६ ते १३२ आणि खालचा ७८ ते ८२ यांच्या बाहेर क्वचितच गेलेला आहे, त्यामुळे या बाबतीत सारे आलबेल आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

दिवाळीनंतर अजिंक्यतारा चढताना नेहमीपेक्षा लवकर दम लागू लागला, म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतली. हृदयाचे पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम निघाले. परंतु डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या कप्प्याची, भिंत १३ मिलिमीटर जाड झालेली आहे आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात हृदय जसे सैल पडून भरायला हवे तसे ते पडत नाही, असे अहवालात लिहिले होते. ही भिंत साधारणपणे १० ते ११ मिलिमीटरपर्यंत असावी लागते. हृदयरोगतज्ज्ञांनी माझी वही शांतपणे चाळली आणि एवढेच विचारले, "ही भिंत जाड करणारा दाब या वहीत कुठे आहे?" मला उत्तर देता आले नाही. तो दाब शोधण्यासाठी त्यांनी बीपी होल्टर लावला, म्हणजे दंडाला पट्टा आणि कमरेला एक डबी, जी दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने आपोआप दाब मोजून नोंदवून ठेवते.

अहवाल असा आला : जागेपणीची सरासरी १३२/८२, झोपेतली सरासरी १४१/८४. माझा दाब रात्री उतरत तर नाहीच, उलट चढतो.

गेल्या महिन्याभरात या विषयाबद्दल जे वाचले ते थोडक्यात मांडतो. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या सरासरीपेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतो. डब्लिनमधल्या इयॉन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये अशा लोकांना 'डिपर' आणि ज्यांचा दाब असा उतरत नाही त्यांना 'नॉन-डिपर' म्हटले, आणि तीच नावे पुढे रूढ झाली. उतार १० टक्क्यांपेक्षा कमी असला तर नॉन-डिपर, रात्रीचा दाब दिवसापेक्षा जास्त असला तर 'रायझर', आणि २० टक्क्यांहून अधिक कोसळत असला तर 'एक्स्ट्रीम डिपर'. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार झोपेतली सरासरी १२०/७० किंवा त्याहून अधिक असली की तो रात्रीचा उच्च रक्तदाब. अमेरिकेच्या २०१७ सालच्या तत्त्वांत ही रेषा ११०/६५ वर आणलेली आहे. कोणतीही रेषा घेतली तरी मी तिच्या बऱ्याच वर आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. रात्रीचा दाब हृदय आणि धमन्यांना दिवसाच्या दाबापेक्षा वेगळी इजा करतो का, की एकूण सरासरीच तेवढी महत्त्वाची असते? आणि सकाळची गोळी रात्री घेतली तर काम भागेल का? येथे वैद्यकीय क्षेत्रातली मंडळी आहेत, त्यांनी लिहावे ही विनंती.

शंकासुर

घाटमाथा, आपले लेखन मुद्देसूद आहे, पण मूळ मापनाबद्दलच मला शंका आहे. रात्री दर अर्ध्या तासाने दंड आवळणारे यंत्र लावल्यावर माणूस झोपतो तरी कसा? ज्या झोपेत दाब उतरायला हवा ती झोपच हे यंत्र मोडत असेल, तर त्याने दाखवलेला १४१ हा आपल्या नेहमीच्या रात्रीचा आकडा आहे की त्या एका रात्रीच्या छळाचा? उंदराला चिमटा काढून 'हा उंदीर अस्वस्थ आहे' असा निष्कर्ष काढण्यासारखे हे मला वाटते.

स्पंदन

मी गेली २१ वर्षे मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल.

पट्टा आवळताना काही जणांची झोप चाळवते आणि त्या नोंदीत दाब थोडा चढलेला मिळतो, हे खरे आहे. एकाच माणसाची तपासणी दोन वेगवेगळ्या रात्री केली तर डिपरचा नॉन-डिपर किंवा नॉन-डिपरचा डिपर झालेलाही पुष्कळदा दिसतो. म्हणून एका रात्रीच्या वर्गवारीवरून कोणाच्या कपाळावर शिक्का मारू नये. ज्या रात्री रुग्ण जवळजवळ जागाच होता, त्या रात्रीचा अहवाल मी स्वतः बाजूला ठेवतो. मात्र नोंदीतली एक चूक उलट्या दिशेनेही होते, आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. माणूस कुशीवर झोपला आणि पट्टा बांधलेला हात वरच्या बाजूला आला, तर पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा उंच जातो आणि दाब खऱ्यापेक्षा कमी नोंदला जातो. दर सेंटिमीटर उंचीमागे पाऊण मिलिमीटर पारा, या हिशेबाने १० सेंटिमीटरला साधारण साडेसात ते आठ मिलिमीटरचा फरक पडतो. घाटमाथा यांना हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय येथे होल्टरचा अहवाल एकटा नाही. एका रात्रीच्या चिमट्याने हृदयाची भिंत १३ मिलिमीटर होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे भार लागतो. एको आणि होल्टर एकाच दिशेकडे बोट दाखवत असताना मी त्यावर विश्वास ठेवीन.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो. रात्रीची इजा वेगळ्या जातीची नसते, पण रात्रीचा आकडा भविष्याबद्दल अधिक खरे बोलतो, असे दीर्घकाळ चाललेल्या अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. उत्तर जपानमधल्या ओहासामा गावातल्या १,५४२ रहिवाशांचा पाठपुरावा सरासरी ९ वर्षे केला गेला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. रात्रीचा उतार दर ५ टक्क्यांनी कमी होत गेला की हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता, आणि २४ तासांची सरासरी सामान्य असलेल्या लोकांतही हा संबंध दिसला. डब्लिनमध्ये ५,२९२ रुग्णांच्या नोंदींवरून २००५ साली असे दिसले की वरचा दाब दर १० मिलिमीटरने जास्त असेल तर अशा मृत्यूचा धोका दिवसाच्या दाबासाठी १२ टक्क्यांनी, तर रात्रीच्या दाबासाठी २१ टक्क्यांनी वाढतो. कझुओमी कारिओ यांच्या जपानमधल्या ६,३५९ लोकांच्या अभ्यासात, जो २०२० साली प्रसिद्ध झाला, रायझर गटात हृदय निकामी होण्याचा धोका सामान्य उतार असणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट आढळला. घाटमाथा यांच्या डॉक्टरांनी दम लागण्याची तक्रार ऐकून रात्रीकडे पाहिले, त्यामागे हाच विचार असणार.

यामागची यंत्रणाही समजून घेण्याजोगी आहे. दिवसा दाब बोलण्याने, चालण्याने, चिडण्याने, जेवणाने वरखाली होत राहतो, आणि दवाखान्यात मोजलेला आकडा हा त्या गर्दीतला एक क्षण असतो. झोपेत ही सारी कारणे बाजूला होतात. शरीराला सावध ठेवणारी सहानुकंपी चेतासंस्था मंदावते, नाडी संथ होते, लहान धमन्या सैलावतात आणि गाढ झोपेत दाब सर्वांत खाली येतो. एवढे होऊनही जो दाब उरतो तो शरीराचा मूळ दाब, म्हणजे मूत्रपिंडे, क्षार आणि धमन्यांच्या भिंती यांनी ठरवलेला. तो उतरत नसेल तर हृदयाला रोजची सहा-सात तासांची सुटी मिळत नाही. दिवसाला सुमारे १ लाख ठोके देणाऱ्या स्नायूला वाढीव दाबाविरुद्ध अखंड रेटत राहावे लागले की तो पैलवानाच्या दंडासारखा जाड होतो, पण ही जाडी ताकदीची नसते. भिंतीत तंतुमय ऊती वाढतात आणि ती ताठ होते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत शिरते. जाड आणि ताठ भिंत त्या वेळीही आतून दाब देत राहते, म्हणून तिच्या सर्वांत आतल्या थराची उपासमार होते. ताठ जवनिकेत रक्त ढकलावे लागल्याने तिच्यात रक्त सोडणारा वरचा डावा कप्पा, म्हणजे कर्णिका, ताणला जातो, आणि 'एट्रियल फिब्रिलेशन' नावाची अनियमित धडधड पुढे तेथेच जन्म घेते. पंपिंग ६० टक्के असूनही चढावर दम का लागतो, याचे उत्तर यात आहे : हृदय नीट रिकामे होते, पण नीट भरत नाही.

घाटमाथा

डॉक्टर, मनःपूर्वक आभार. 'नीट रिकामे होते, पण नीट भरत नाही' हे वाक्य मी एकोच्या अहवालाच्या मागे लिहून ठेवले आहे. धमन्यांबद्दल माझी समजूत बरोबर आहे का, तेवढे सांगावे. लांब लोखंडी नळातून पाणी वाहत असताना झडप एकदम बंद केली की दाबाची लाट नळातून परत फिरते आणि जोड हादरवते. आम्ही तिला वॉटर हॅमर म्हणतो. नळ रबरी असेल तर तो फुगून ती लाट गिळतो. धमन्या ताठ झाल्यावर असेच काही घडते का?

स्पंदन

बरेचसे तसेच घडते. महाधमनीच्या भिंतीत इलास्टिनचे लवचीक तंतू असतात. ठोक्याबरोबर ती फुगते आणि नंतर आकसून रक्त पुढे सरकवते, त्यामुळे लहान धमन्यांपर्यंत प्रवाह सलग पोहोचतो. दाब सतत जास्त राहिला की हे तंतू तुटू लागतात आणि त्यांच्या जागी ताठ कोलॅजन भरते. मग नाडीची लाट वेगाने धावते, फाट्यांवरून लवकर परत फिरते आणि हृदय अजून रक्त ढकलत असतानाच त्याच्यावर येऊन आदळते. वरचा आकडा चढतो, भार वाढतो, आणि वाढलेल्या दाबाने धमनी आणखी ताठ होते. मेंदू आणि मूत्रपिंड या दोन अवयवांना सतत भरपूर रक्त लागते, म्हणून त्यांच्या धमन्या फारसा अटकाव करत नाहीत आणि ठोक्यांचे हे हादरे थेट सूक्ष्म रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. मूत्रपिंडांतून लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन गळू लागणे आणि मेंदूच्या एमआरआयवर पांढरे ठिपके किंवा बारीक जुने झटके दिसणे, या दोन्ही गोष्टी रात्री दाब न उतरणाऱ्यांत अधिक आढळतात. लघवीची अल्ब्युमिन तपासणी साधी आणि स्वस्त आहे. ती झाली नसेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून अवश्य करून घ्यावी.

तिसरीपाळी

मी चाकणच्या एका कारखान्यात आहे आणि दर तीन आठवड्यांतला एक आठवडा रात्रपाळी असते. माझाही होल्टर मागच्या वर्षी झाला आणि अहवालात 'नॉन-डिपर' असे छापून आले. तपासणी मात्र रात्रपाळीच्याच आठवड्यात झाली होती. मी रात्री १ वाजता यंत्रावर उभा होतो, मग दाब उतरणार कसा?

स्पंदन

तुमचा अहवाल नव्याने काढून घ्यावा. संगणकात रात्र म्हणून बहुधा रात्री १० ते सकाळी ६ असा ठरावीक वेळ भरलेला असतो. रुग्णाने झोपल्याची आणि उठल्याची खरी वेळ लिहून दिली तर त्याच नोंदींवरून 'झोप' आणि 'जागेपण' वेगळे काढता येतात. दुपारची डुलकीही लिहावी. मात्र यावरून निर्धास्त होऊ नये, कारण फिरत्या पाळ्यांमुळे शरीराचे घड्याळ आणि झोपेची वेळ यांची फारकत होते आणि झोपेतला उतार खरोखरच कमी होतो. दिवसपाळीच्या आठवड्यात तपासणी पुन्हा केलेली बरी.

सुईदोरा

माझी आई सोलापूरला असते, वय ७१, मधुमेह १९ वर्षांचा. तिचा अनुभव येथे लिहिते, कारण तो घाटमाथाकाकांपेक्षा वेगळा आहे आणि कोणी घाईने औषध वाढवू नये असे मला वाटते.

आईला सकाळी उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. दोनदा ती न्हाणीघरात पडली. उभ्याने दाब मोजला तर ९८, म्हणून एका डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढच्या वेळी झोपवून मोजला तर १६८, म्हणून दुसऱ्यांनी वाढवली. असे वर्षभर चालले. शेवटी होल्टर केल्यावर चित्र उलगडले. जागेपणी ती बसती-उठती असताना सरासरी ११८ होती आणि झोपेत १५९. मधुमेहाने तिच्या नसांचे दाब सांभाळण्याचे कामच बिघडवले आहे, त्यामुळे उभी राहिली की दाब पडतो आणि आडवी झाली की चढतो, असे आम्हाला समजावण्यात आले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू उंच केली, दुपारी सपाट झोपणे बंद केले आणि औषधाची वेळ व मात्रा डॉक्टरांनी बेतून दिली. आता ती पडत नाही. रात्रीचा आकडा अजून मनासारखा नाही, पण तिच्यासाठी न पडणे हेच आधी महत्त्वाचे आहे, असे डॉक्टर म्हणाले आणि आम्हा भावंडांनाही ते पटले.

स्पंदन

सुईदोराताईंनी लिहिलेला प्रकार मधुमेहात आणि पार्किन्सनच्या आजारात बऱ्याचदा पाहायला मिळतो. रात्रीचा दाब चढण्यामागची कारणे अशी वेगवेगळी असल्यामुळेच आकडा पाहून लगेच गोळी लिहिणे मला पटत नाही. घाटमाथा, आपल्याला मी तीन गोष्टी विचारतो. आपण घोरता का? रात्री लघवीसाठी किती वेळा उठता? आणि सकाळी घेता ती गोळी कोणती?

घाटमाथा

उत्तर द्यायला संकोच वाटतो, पण देतो. घोरतो. सौभाग्यवतींच्या म्हणण्यानुसार घोरता घोरता मधेच आवाज बंद होतो, तिला काळजी वाटू लागते आणि मग मी एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो. रात्री दोनदा, कधी तीनदा उठतो. त्याचे खापर मी आजवर प्रोस्टेटवर फोडत आलो. गोळी लोसार्टन ५० मिलिग्रॅम, सकाळी एकदा.

स्पंदन

तिन्ही उत्तरे कामाची आहेत.

घोरणे आणि मधे श्वास अडणे हे निद्रा-श्वसनरोधाचे, म्हणजे स्लीप ॲप्नियाचे लक्षण असू शकते. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, सहानुकंपी संस्था एकदम जागी होते आणि श्वास सुरू होताना दाब झपाट्याने चढतो. हे तासाला ३० वेळा घडत असेल तर त्या माणसाचे हृदय झोपेत पाण्यातून वर येऊन दर दोन मिनिटांनी श्वास घेत आहे असे समजावे. अर्ध्या तासाने मोजणाऱ्या होल्टरला यातले बहुतेक चढ सापडतही नाहीत. आपण झोपेची तपासणी करून घ्यावी. आता ती घरीही होते.

रात्री वारंवार लघवीला होणे हे प्रोस्टेटचे असू शकते, पण ते मिठाचेही असू शकते. दिवसभरात खाल्लेले मीठ ज्या मूत्रपिंडांना दिवसा बाहेर टाकता येत नाही, ती रात्रीही दाब चढा ठेवून उरलेले काम पूर्ण करतात. जपानमधल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवले की अशा रुग्णांचे मीठ काटेकोरपणे कमी केले तर नॉन-डिपरचा डिपर होऊ शकतो.

राहिली गोळी. लोसार्टनची एकच मात्रा सकाळी घेतली तर अनेकांत तिचा परिणाम पहाटेपर्यंत पुरत नाही. आपण वहीत दाब कधी मोजत होता? माझा अंदाज आहे की गोळी घेतल्यानंतर काही तासांतच, म्हणजे ती जोरात असताना.

घाटमाथा

दहा वाजता, वर्तमानपत्र वाचून झाल्यावर. गोळी साडेसातला.

पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळते की नाही हे पाहायचे असेल तर मुखाशी उभे राहून गेज वाचू नये, हे मी कनिष्ठ अभियंत्यांना आयुष्यभर सांगत आलो. स्वतःच्या बाबतीत ९ वर्षे मुखाशीच उभा राहिलो.

शंकासुर

मापनाबद्दलची माझी शंका बऱ्याच अंशी फिटली. आता दुसरी मांडतो. एवढे सारे समजल्यावर गोळी सकाळऐवजी रात्री घेतली की प्रश्न मिटला पाहिजे. स्पेनमधल्या एका मोठ्या प्रयोगात रात्री गोळी घेणाऱ्यांचे झटके निम्म्याने घटले असे मी वाचले होते, आणि माझ्या ओळखीतल्या चार जणांनी त्यानंतर वेळ बदललीही आहे.

आकडेमोड

मी संख्याशास्त्रातला आहे, वैद्यकातला नाही; त्यामुळे फक्त आकड्यांबद्दल लिहितो.

आपण म्हणता तो हायजिया हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात १९,०८४ लोक होते आणि झोपताना गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात इत्यादी घटना ४५ टक्क्यांनी कमी झाल्या, असा दावा होता. माझ्यासारख्याला येथेच थबकायला होते. औषध तेच, मात्रा तीच, फक्त वेळ वेगळी, आणि दाबात पडलेला फरक काही मिलिमीटरचा असताना लाभ एवढा प्रचंड मिळत असेल, तर प्रयोगाची मांडणी पुन्हा तपासली पाहिजे. ती तपासली गेली आणि लोकांचे दोन गटांत वाटप नेमके कसे केले यापासून अनेक गोष्टींवर प्रश्न उपस्थित झाले.

त्यानंतर ब्रिटनमधला टाइम हा अभ्यास २०२२ साली आला. त्यात २१,१०४ लोकांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे सकाळ किंवा संध्याकाळ नेमून दिली होती आणि पाठपुराव्याचा मध्यक ५ वर्षांहून थोडा अधिक होता. मोजायच्या ठरवलेल्या हृदयविकार-पक्षाघातासारख्या घटना संध्याकाळच्या गटात ३.४ टक्के आणि सकाळच्या गटात ३.७ टक्के लोकांत घडल्या. हा फरक योगायोगाने पडू शकतो एवढा लहान आहे. कॅनडातल्या ३,३५७ लोकांवरच्या बेडमेड या प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ साली आले आणि त्यांतही वेळेने फरक पडला नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. टाइममध्ये सहभागी होण्यासाठी रात्रीचा दाब मोजण्याची अट नव्हती. म्हणजे सरसकट सर्वांनी वेळ बदलून लाभ होत नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. घाटमाथा यांच्यासारख्या रायझरना लाभ होत नाही, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. तो प्रश्न त्या प्रयोगाने विचारलेलाच नव्हता.

स्पंदन

आकडेमोड यांच्याशी मी सहमत आहे. माझ्या रुग्णांना मी सांगतो की जी वेळ कधी चुकणार नाही ती वेळ चांगली, आणि औषध असे असावे की त्याचा परिणाम पुढच्या मात्रेपर्यंत टिकेल. रात्रीचा दाब चढा असल्याचे मोजून सिद्ध झाले असेल तर एखादे औषध रात्रीकडे सरकवून पुन्हा होल्टरने पाहण्याला माझी हरकत नसते. न मोजता सरकवण्याला असते. त्याचे एक कारण डोळ्यांत आहे. नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी १९९४ साली लक्ष वेधले होते की रात्री दाब फार कोसळला तर डोळ्याच्या मुख्य नसेचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो. बेडमेडमध्ये रात्री गोळी घेणाऱ्यांच्या दृष्टीवर सरसकट वाईट परिणाम दिसला नाही, हे खरे. तरीही काचबिंदू असलेल्या माणसाने, किंवा ज्याचा दाब रात्री आधीच २० टक्क्यांहून अधिक उतरतो त्याने, परस्पर वेळ बदलू नये. शंकासुर, त्या चार ओळखीच्यांपैकी कोणाला काचबिंदू आहे का, हे कृपया विचारून पाहावे.

शंकासुर

विचारले. एकाला आहे. तो उद्या डॉक्टरांकडे जात आहे.

सुईदोरा

मिठाबद्दल थोडे लिहिते, कारण 'मीठ कमी करा' या सल्ल्यावर आमच्याकडे सहा महिने नुसती वादावादी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा मीठ सांगितले आहे. आम्ही भाजी-आमटीतले मीठ कमी केले आणि आई म्हणाली, आता तोंडाला चव नाही, थोडे लोणचे वाढ. लोणचे, शेंगदाण्याची चटणी, सांडगी मिरची, पापड, दुपारच्या चहाबरोबर खारी आणि रात्री मीठ घातलेले ताक, एवढे सारे मोजल्यावर स्वयंपाकातले मीठ ही निम्मीच गोष्ट निघाली. भाकरीच्या पिठात आमच्याकडे मीठ घालत नाहीत, तेवढा दिलासा. मूत्रपिंडे अधू असणाऱ्यांनी 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते आणि आईला ते मनाई केलेले आहे.

घाटमाथा

साडेचार महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे.

घरी झोपेची तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो आणि ऑक्सिजन ८१ टक्क्यांपर्यंत उतरतो, असे निघाले. झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅपचे यंत्र आले. पहिले तीन आठवडे मी ते मध्यरात्री काढून टाकत असे. नाकाच्या आकाराचा दुसरा मुखवटा मिळाल्यावर आता पाच-सहा तास टिकते. लोसार्टन बंद करून डॉक्टरांनी दीर्घकाळ टिकणारी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या क्लोरथॅलिडोनची लहान मात्रा दिली, दोन्ही सकाळीच. लोणचे आणि पापड रविवारपुरते उरले आहेत. लघवीतले अल्ब्युमिन थोडे वाढलेले निघाले होते, ते पुन्हा तपासायचे आहे. रात्री एकदाच उठावे लागते, म्हणजे प्रोस्टेटवर मी अन्याय केला होता.

परवाच्या होल्टरचे आकडे : जागेपणी १२४/७८, झोपेत १२६/७४.

शंकासुर

अभिनंदन. पण यातले श्रेय कोणाला द्यायचे? यंत्राला, गोळीला की बंद झालेल्या पापडाला?

घाटमाथा

तिन्ही गोष्टी एका महिन्यात बदलल्या, त्यामुळे सांगता येणार नाही. अभियंता म्हणून हा प्रयोग मी नापास करीन, रुग्ण म्हणून तक्रार नाही.

स्पंदन

ढोबळ अंदाज देता येईल. सीपॅपने सरासरी दाब फार उतरत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४ तासांची सरासरी सुमारे ३ मिलिमीटरनेच घटली होती, मात्र रात्रीचा उतार परत आलेल्यांची संख्या वाढली होती. आपला झोपेतला वरचा दाब १५ मिलिमीटरने घटला, त्यातला मोठा वाटा बहुधा औषधांचा आणि मिठाचा आहे. तरीही यंत्र सोडू नये, कारण श्वास अडल्यावर चढणारे ते क्षणिक दाब सरासरीत दिसत नसले तरी हृदयाला सोसावे लागतातच.

झोपेतला १२६ अजून १२० च्या वर आहे, आणि दिवसाच्या मानाने उतार नाहीच. फक्त आता दोन्ही सरासऱ्या जवळजवळ एका पातळीवर आल्या आहेत. मुखवटा रात्रभर टिकू लागला की आणखी काही घट होऊ शकते. भिंतीची जाडी कमी व्हायला दाब महिनोन्‌महिने ताब्यात राहावा लागतो, त्यामुळे एको लगेच करून निराश होऊ नये.

घाटमाथा

एको दिवाळीनंतर ठरली आहे. वही मी आता सकाळी गोळी घेण्यापूर्वी लिहितो. आजचा आकडा १२९/७९.